सापडले, येऊ नका

ही गोष्ट खरी आहे. पटणार नसेल तर इथेच सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही. मी लेखक नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" एवढंच सांगणारा माणूस उगाच कशाला काही रचून सांगेल?

आठ वर्षं झाली. बुधवार होता. दुपारचे साडेतीन. ऊन इतकं लख्ख की वाळूकडे बघवत नव्हतं.

वेळ मुद्दाम सांगतोय. असल्या गोष्टी अंधारातच घडतात असं सगळ्यांना वाटतं. ही भर उन्हात सुरू झाली.

आम्ही तिघं एका बेटावर गेलो होतो. माझी मोठी बहीण, तिचा नवरा आणि मी. ताई एका मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसते. दाजी लिफ्ट दुरुस्त करायचे. "आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, आता जरा आडवं होऊ दे," असं म्हणत त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा सलग आठवड्याची रजा टाकली होती. मूलबाळ नाही. दोघंच एकमेकांना. मी कशाला, म्हणून मी नको नको म्हणत होतो, तर म्हणाले, "पत्ते खेळायला तिसरा लागतो. चल गपचूप, चष्म्या."

चष्म्या. हे नाव फक्त त्यांचं. दुसरं कोणी मला त्या नावाने हाक मारत नाही. ताईला ते चौकशीबाई म्हणायचे.

लॉज म्हणजे काय, समुद्राला लागून सहा लाकडी खोल्या. वर झावळ्यांचं छप्पर. भरतीचं पाणी कधीकधी खालपर्यंत यायचं, म्हणून सगळ्या खोल्या कमरेएवढ्या खांबांवर उभ्या. जमीन नुसत्या फळ्यांची. दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट, त्यातून खालची वाळू दिसायची. खोलीमागे पत्र्याचा आडोसा, त्यात शॉवर. वीज संध्याकाळी दोन तास. फोनला रेंज नाही. लॉज चालवणाऱ्या मावशींच्या स्वयंपाकघरात एक वायरलेस सेट होता, तेवढाच जगाशी संबंध.

आणि समुद्राचा आवाज. चोवीस तास. पहिल्या दिवशी ताई वैतागून म्हणाली होती, "ह्याचं बटण कुठे आहे?"

हंगाम संपत आला होता. अख्ख्या बेटावर आम्ही तिघं, मावशी आणि होडीवाला. पाच माणसं.

नंतर मी ही पाच माणसं कितीदा तरी मोजली.

त्या बुधवारी ताई आत झोपली होती. मी व्हरांड्यात खुर्चीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. दाजी टॉवेल खांद्यावर टाकून निघाले. मावशींनी आल्याबरोबर बजावलं होतं, खडकांच्या रांगेपलीकडे जायचं नाही. तिथे पाणी आतून बाहेर ओढलं जातं.

"अलीकडेच आहे मी," दाजी म्हणाले. "लक्ष ठेव रे."

"ठेवतो."

त्यांनी एका खडकावर टॉवेल ठेवला. चपला काढल्या. चष्मा काढून चपलेत ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना चार पावलांवरचा माणूस ओळखू यायचा नाही. मायनस साडेपाच. काचा मीच बसवल्या होत्या. मी बसलो असेन असं वाटलं त्या दिशेला त्यांनी हात हलवला. दिशा चुकली होती. मला हसू आलं.

मग मी पुस्तकात बघितलं.

एक पान वाचलं असेल. दोन असतील. डोळा लागला का माझा? लागला असणार.

मान वर केली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

समुद्र रिकामा होता.

टॉवेल तिथेच. चपला तिथेच. चष्मा तिथेच.

मी पाण्याच्या कडेने धावत सुटलो. "दाजी! दाजी!" घसा फाटेपर्यंत ओरडलो. चष्मा खिशात टाकला, का टाकला माहीत नाही. ताई आवाजाने उठून आली. तिने मला काही विचारलं नाही. खडकावरचा टॉवेल पाहिला आणि ती सरळ पाण्यात शिरली. साडीसकट. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तिला पोहता येत नाही.

मी तिला ओढून बाहेर काढलं. ती माझ्या हाताला चावली. वण अजून आहे.

होडीवाला होडी घेऊन खडकांपलीकडे गेला. मावशींनी वायरलेसवरून किनाऱ्यावरच्या चौकीला कळवलं. लाँच अर्ध्या तासात निघेल, साडेसहाच्या आत पोचेल असं उत्तर आलं.

ताई वाळूत गुडघ्यांवर बसली होती. तिच्या तोंडून एकच वाक्य. "तू होतास ना इथे?"

"हो."

"मग?"



पावणेसहाच्या सुमाराला मी तिला धरून खोलीपाशी आणलं. ओल्या कपड्यांत ती थरथरत होती. पायरीवर पाय ठेवला, आणि...

पाण्याचा आवाज आला.

समुद्राचा नव्हे. शॉवरचा.

खोलीच्या मागून. पत्र्यावर पाणी पडत होतं... आणि कोणीतरी शीळ घालत होतं. दाजी अंघोळ करताना घालायचे तीच. अर्ध्यात सूर सोडून पुन्हा पहिल्यापासून.

ताई माझा हात झटकून मागे धावली.

पत्र्याचं दार उघडलं. दाजी उभे होते. कमरेला लॉजचा पंचा, केसांतून पाणी गळतंय.

"काय गं? कुठे होतात सगळे?" ते म्हणाले. "मी केव्हाचा हाक मारतोय."

ताई त्यांच्या अंगावर कोसळली. तिने त्यांना मारलं, मिठी मारली, पुन्हा मारलं. मी मटकन खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. लाज कसली, रडलोच.

"पलीकडच्या अंगाने बाहेर आलो," ते सांगत होते. "चालत आलो वळसा घालून. एवढं काय त्यात?"

मी स्वयंपाकघराकडे पळालो. आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"मावशी, सापडले! लाँचला सांगा, येऊ नका!"

मावशी सेटपाशी बसल्या होत्या. "कुठे सापडले?"

"खोलीतच! मागच्या बाजूने चालत आले."

"मागच्या बाजूने?" त्यांचा हात सेटवर होता, पण त्यांनी बटण दाबलं नाही. "मागे कडा आहे. वाट नाही तिथे."

"अहो, आलेत ना ते! समोर उभे आहेत!"

"नक्की सांगू?"

"नक्की."

त्या स्वतः बोलायला तयार होईनात. म्हणाल्या, तुमच्या माणसाचं तुम्ही सांगा. मग मीच बटण दाबून बोललो.

"सापडले. येऊ नका."

हे तीन शब्द माझे आहेत. दुसऱ्या कोणाचे नाहीत.

परत आलो तेव्हा दाजी कपडे बदलून खाटेवर बसले होते. ताई त्यांचा हात हातात घेऊन शेजारी. मी दार लोटलं, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते लवकर लक्षात येईना.

मग आलं.

समुद्र ऐकू येत नव्हता.

लाटा दिसत होत्या. दाराच्या फटीतून फुटताना दिसत होत्या. आवाज नव्हता. मी व्हरांड्यात गेलो... धबाधबा आवाज. आत आलो... काही नाही. कानात बोटं घालून पाहिली. माझ्या श्वासाचा आवाज येत होता, ताईच्या बांगड्यांचा येत होता. फक्त समुद्राचा नाही.

"ताई, तुला..."

"काय?"

"काही नाही."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोडायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्या लॉजवर वाळू चुकवता येत नव्हती. अंथरुणात वाळू, चहात वाळू, दाताखाली वाळू. ताईचे पाय घोट्यापर्यंत वाळूने माखलेले. माझेही. शॉवरपासून खोलीपर्यंत वाळूच होती, आणि दाजींचे तळवे कोरे. नुकतं साबणाने धुतलेलं ताट असतं तसे.

मी स्वतःला समजावलं. घाबरलोय म्हणून काहीही दिसतंय.

"होडी परत येतेय," दाजी अचानक म्हणाले. खिडकीतून बाहेर बघत होते. "होडीवाला उभा आहे. डोक्याला निळं फडकं बांधलंय."

मी खिडकीशी गेलो. लांब, खडकांच्याही पलीकडे, एक ठिपका होता. मला होडी आहे एवढंच कळत होतं. आणि माझे डोळे ठणठणीत आहेत.

चष्मा माझ्या खिशात होता.

मी तो काढून पुढे केला. "दाजी, तुमचा चष्मा."

त्यांनी चष्म्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग तो घेतला, उलटसुलट केला आणि डोळ्यांवर चढवला. हसले.

"बरं झालं. कुठे राहिला होता?"

"चपलेत."

"हां. चपलेत," ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा टोचत होती, पण बोट ठेवता येत नव्हतं. आल्यापासून त्यांनी आम्हा दोघांपैकी कोणालाही नावाने हाक मारली नव्हती. काय गं. काय रे. बस.

पावणेसातला होडी लागली. होडीवाला पाण्यातून धडपडत वर आला. डोक्याला निळं फडकं होतं. मी पायऱ्या उतरून पुढे गेलो. तो धापा टाकत होता.

"पाहिलं मी त्यांना! खडकांच्या बाहेर. हात वर केलेला. मी होडी वळवली, तेवढ्यात लाट आडवी आली. मग दिसेनात. पण जिवंत आहेत, अर्ध्या तासापूर्वी पाहिलं! लाँच कुठे आहे?"



"अहो, ते तर..." मी मागे वळून बघितलं.

दाजी व्हरांड्यात येऊन उभे होते. हातात चहाचा कप.

होडीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ.  मग तो एक पाऊल पाण्याकडे मागे सरला.

"दुसरं कोणी असेल," दाजी शांतपणे म्हणाले. "मी इथे आहे. आता कोणाला शोधताय?"

दुसरं कोण असणार? पाच माणसं होती बेटावर.

मी मावशींकडे धावलो. पुन्हा सेट लावला. खरखर, खरखर, मग आवाज. मी सांगितलं, माणूस पाण्यात आहे, लाँच पाठवा. पलीकडचा माणूस चिडला. "तासाभरापूर्वी सापडले म्हणालात ना? लाँच अर्ध्यातून परत फिरली. आता वारा सुटलाय, समुद्र खवळलाय. उजाडल्यावर बघू. आणि नीट सांगा, किती माणसं हरवलीत?"

"एक."

"आणि किती सापडली?"

मी बटणावरचा हात काढला.

होडीवाल्याने मी न सांगता पुन्हा होडी ढकलली. तीन वेळा लाटेने ती आडवी करून काठावर फेकली. चौथ्यांदा एक बाजू फुटली. तो फुटलेल्या फळीवर कपाळ टेकवून तसाच बसून राहिला. मावशी दिवा घेऊन त्याच्यापाशी गेल्या. आमच्या खोलीकडे त्या आल्या नाहीत.

पाऊस सुरू झाला. मी ताईपाशी परत गेलो. तिला एकटीला कसं ठेवणार होतो?

फार रात्र नव्हती. आठ वाजून गेले असतील. वाऱ्याने दिवे गेले होते, कंदील लावला होता. ताई आणि ते खाटेवर. मी दाराशी स्टुलावर. भरती चढत होती. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी चमकताना दिसत होतं, पण आवाज अजूनही नव्हता. छपरावर एवढा पाऊस कोसळत होता, तोही ऐकू येत नव्हता.

त्या शांततेत...

"चष्म्या..."

लांबून. समुद्राकडून.

मी ताडकन उठलो. ताईने मान वर केली. तिनेही ऐकलं होतं.

"चष्म्या... अरे..."

आता पायऱ्यांपाशी. घोगरा आवाज. पोटात पाणी गेलेल्या माणसाचा. कोणीतरी पायरीवर चढायला बघत होतं आणि घसरत होतं. ओलं अंग लाकडावर आपटत होतं.

"दार उघड रे... उभं राहवत नाही..."

मी कडीला हात घातला.

"उघडू नकोस, चष्म्या."

मागून आवाज आला. खाटेवरून. तोच आवाज, फक्त कोरडा.

त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. बाहेरून ते नाव ऐकू आल्यानंतर.

 कडी काढणार, तेवढ्यात ताई उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ताई, सरक. बाहेर दाजी आहेत."

"हे इथे बसलेत."

"ताई, ते दाजी आहेत! मरतील ते!"

"सरकणार नाही मी."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

तिने माझ्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. ती ओरडत नव्हती. रडतही नव्हती. दात आवळून, दोन्ही हात चौकटीला रोवून उभी होती.

खाटेवरचा हलला नाही. घाबरला नाही, रागावला नाही. आमच्याकडे बघत बसला होता. चष्मा घालून.

बाहेरचा आवाज थांबला. मग पायऱ्यांच्या खालून काहीतरी सरपटल्यासारखं वाटलं. पाण्यातून. आमच्या खाली.

"चौकशीबाई..."

आवाज फळ्यांच्या खालून आला.

"मी आलोय गं... थंडी वाजतेय... ऐकतेस ना?"

ताईने डोळे मिटले. ओठ हलत होते. पण ती दारापासून हलली नाही.

मी जमिनीवर पालथा पडलो. फटीला डोळा लावला. काळं पाणी, आणि त्यात काहीतरी फिकट. चेहरा असेल. मी फटीत बोटं घातली.

खालून कोणीतरी ती धरली.

गार. पाण्यात फार वेळ राहून सुरकुतलेली बोटं. त्यांनी माझं बोट इतकं घट्ट धरलं की हाड मोडेल असं वाटलं. तोंड अगदी फळीजवळ आलं होतं. त्यांचा श्वास मला जाणवत होता.

"लक्ष ठेव म्हटलं होतं ना रे..."

एवढंच. आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. विचारल्यासारखं.

ते शब्द फक्त आम्हा दोघांना माहीत होते. मी ताईलासुद्धा सांगितले नव्हते.

इथे एक गोष्ट कबूल करतो. खोलीला मागचं दार होतं. शॉवरकडे जायचं. दाराशी ताई उभी होती म्हणून मी बाहेर गेलो नाही, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मागचं दार सहा पावलांवर होतं. त्याला नुसता आकडा होता.

मी गेलो नाही. कंदील घेऊन खाली वाकलो आणि तोच चेहरा दिसला तर... मग पुन्हा वर येऊन खाटेवर बसलेल्याकडे कसं बघायचं? ती भीती मला उठू देईना.

मी फक्त बोट धरून राहिलो. "दाजी, दाजी, धरून ठेवा, पाणी उतरेल," असं काहीतरी पुटपुटत राहिलो.

पाणी चढत होतं.

पकड सैल झाली. एक बोट सुटलं. मग दुसरं. शेवटचं नखाने फळीला अडकून राहिलं थोडा वेळ.

मग तेही गेलं.

आणि एकदम समुद्राचा आवाज परत आला. पाऊस, वारा, लाटा, सगळं एकाच वेळी अंगावर कोसळलं. मी कान दाबून ओरडलो असेन. ताई दाराला टेकून खाली घसरत गेली.

खाटेवरचा उठला. त्याने तिच्या खांद्यावर चादर टाकली.

"झोप आता, चौकशीबाई," तो म्हणाला.

सकाळी ऊन पडलं होतं. मी खोलीखाली गेलो. भरतीने वाळू सपाट करून टाकली होती. माणूस नाही, कपडा नाही, ठसा नाही. फक्त एका खांबावरचं शेवाळ हातभर उंचीवर खरवडलेलं होतं. चार रेघा.

लाँच आली. त्यांनी खडकांपलीकडे फेऱ्या मारल्या, मग माणसं मोजली. तीन पाहुणे आले होते, तीन समोर उभे होते. अधिकारी माझ्यावर खेकसला आणि निघून गेला. काहीही सापडलं नाही. आजपर्यंत नाही.

आम्ही परत आलो. तिघं.

तुम्ही विचाराल, मग काय झालं? काही झालं नाही. तो कामावर रुजू झाला. लिफ्ट दुरुस्त करतो. दारू नाही, भांडण नाही. ताईला ताप आला तर उशाशी बसून राहतो. घोरायचं मात्र थांबलं. शेजारी म्हणतात, बेटावर जाऊन आल्यापासून माणूस निवळला. मी माझ्या दुकानात एकदा त्याचे डोळे तपासले. त्याने सगळ्यात खालची ओळ वाचली. त्याखाली छापखान्याचं नाव असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. तेही वाचलं. मी साध्या काचांचा चष्मा करून दिला. तो रोज घालतो.

मी त्याला अजून अहो-जाहोच करतो. लोकांसमोर दुसरं काय म्हणणार?

आठ वर्षांत ताई आणि मी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मला राहवलं नाही.

"ताई, तुला त्या दिवशी कळलं होतं का?"

तिने त्याचा शर्ट झटकला. बाह्या जुळवल्या. घडी घातली.

"पहिल्या हाकेलाच," ती म्हणाली. "बाहेर हे होते."

"मग आत?"

"आत पण हेच होते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "बाहेरचे मरत होते रे. आवाजात कळतं ते. मी रोज ऐकते तसले आवाज. दार उघडलं असतं तर माझ्या मांडीवर गेले असते. आणि आतले राहिले असते का? सांग ना. मग मी कोणाला घेऊन परत येणार होते?"



"मला दोष दे," ती म्हणाली. "पण मोठ्याने नको. ते आत आहेत."

तेवढ्यात आतून आवाज आला, "चौकशीबाई, चहा निवतोय!"

"आले हो!" तिने हसून उत्तर दिलं. खरंच हसून. कपड्यांचा गठ्ठा उचलला आणि आत गेली.

निघताना तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. संध्याकाळची गर्दी होती. पोरं क्रिकेट खेळत होती, भाजीवाला ओरडत होता. आम्ही शेजारी शेजारी चालत होतो, मेव्हणे-मेव्हणे चालतात तसे. बस दिसली तेव्हा तो थांबला.

"त्या दिवशी मागच्या दाराला नुसता आकडा होता," तो म्हणाला. अगदी सहज.

मी बसच्या पाटीकडे बघत राहिलो.

"तू उघडशील असं मला वाटलं होतं. तू त्यांना आत आणलं असतंस, तर मी गेलो असतो. मी तयारीत होतो."

मी विचारलं, "कुठे?"

त्याने थोडा वेळ विचार केला. खरोखरच आठवून पाहत असावा तसा.

"आता नाही सांगता येत," तो म्हणाला. माझ्या पाठीवर हात ठेवला. हात उबदार होता. "चल, बस आली तुझी."

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलंय. ताईचे दोन फोन येऊन गेले.

मी अजून हो म्हटलेलं नाही.